सगळ्यात हलकं सॉफ्टवेअर

आमच्या वनखात्याच्या ऑफिसातला कॉम्प्युटर चालू करावा आणि चहा पिऊन यावं, तोवर तो उठतो. असल्या म्हाताऱ्याच्या भरवशावर आम्हाला नरभक्षक वाघीण ओळखायची होती. मी तिथला कारकून, गुणवंतराव. कॉम्प्युटर सांभाळायची ती दिव्यानी, कंत्राटी ऑपरेटर, जवळच्याच गावची पोरगी.

तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा हंगाम तोंडावर आला होता आणि नाल्याजवळ वाघिणीनं गावातल्या गिरजाबाईला मारलं. त्या भागात दोन वाघिणी फिरायच्या, आई आणि तिची वयात आलेली लेक. गिरजाबाई सापडली तिथं त्याच रात्री वाघीण परत आली आणि कॅमेऱ्यात टिपली गेली. दोघींतली ती कोणती, एवढंच ठरायचं होतं. ते पट्ट्यांवरून ठरतं. वाघाचे पट्टे म्हणजे माणसाचा अंगठा, एकाचे दुसऱ्याला जुळत नाहीत. मारणारी पिंजऱ्यात गेली नाही तरी गाव पानं तोडायला जाणारच होतं. हंगाम कोण सोडतो?

कॅमेऱ्याचा व्हिडिओ वेबसाइटवर दिसायचा, पण उतरवून घ्यायची मुभा आम्हाला नव्हती. म्हणून पडद्याचा स्क्रीनशॉट काढून वरच्या ऑफिसातल्या तज्ज्ञांना मेल करायचा. दिव्यानीनं त्यासाठी तीन सॉफ्टवेअरं लावून पाहिली. कोण किती मेमरी खातं, कोण किती वेळ घेतं, सगळं ती निरखत बसायची.

"सोयरीक पाहून राह्यली का वं?" मी चिडवलं.

"तसंच समजा, भाऊ. घरात जागा थोडी आहे, जास्त खाणारा जावई नाई परवडत."

पहिलं मोठं नखऱ्याचं. बाण काढा, गोल करा, लांबलचक पान एका दमात टिपा. ते उघडलं की पंखा घरघरायचा आणि माउस जागेवरच मरायचा. दुसरी आपली जुनी रीत, बटण दाबून चित्र पेंटमध्ये चिकटवायचं. चित्र अस्सल यायचं, पण फाइल एवढी जड की आमच्या नेटवरून मेल जाता जायचा नाही. तिसरं मात्र चिमुकलं. ना बाण, ना गोल. बटण दाबलं की फोटो तयार आणि मेल चुटकीसरशी रवाना.

"हा जावई पसंत," दिव्यानी म्हणाली. काय खुश होती पोरगी! साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं.

ते सॉफ्टवेअर फाइल लहान करायला फोटोतलं बारीकसारीक गिळून टाकायचं. सेटिंगमध्ये तसं लिहिलेलंही होतं. पण मेल जात होता, मग कोण कशाला हात लावतो?

तज्ज्ञांचा फोन आला. आईच्या खांद्यावरचा पट्टा मधे तुटलेला आहे, लेकीचा सलग आहे. या फोटोत सलग वाटतोय, पण धूसर आहे, मोठा असेल तर पाठवा. दिव्यानीनं पेंटमधली जड फाइल लावली. अर्ध्यावर नेट गेलं. पुन्हा लावली, पुन्हा गेलं. फाटकाशी गिरजाबाईचं गाव येऊन बसलं होतं, शिव्या आत ऐकू येत होत्या.

"सलग वाटतोय म्हणाले ना?" साहेबांनी विचारलं. "मग झालं. त्यांना सांगा, आमच्याकडे हाच फोटो आहे."

लेक बेशुद्ध करून पिंजऱ्यात टाकली. गावात फटाके फुटले.

दुसऱ्या दिवशी दिव्यानीची आई बायनाबाई डबा घेऊन ऑफिसात आली. मोठी हसरी बाई. नाल्याच्या वाटेवर आमचा कॅमेरा होता. बाकीच्या बाया त्याच्यासमोरून तोंडावर पदर घेऊन जायच्या, ही मात्र थांबून हात हलवायची. म्हणायची, "तिकून आमची दिव्यानी पाहते न." तिचा तो हात पाहून आम्ही रोज हसायचो.

"काऊन वं, तेच सापडली न?" तिनं विचारलं. "उद्यापासून पानाले जाऊ?"

दिव्यानीनं तो फोटो पडद्यावर उघडला. व्हिडिओत त्या पट्ट्यात तिला बारीकशी फट दिसल्यासारखी वाटली होती. हे तिनं मला फार नंतर सांगितलं. त्या वेळी तिनं समोर पाहिलं, तर फोटोत पट्टा सलग होता.

"मी सोता फोटो काढला, माय. जाय बिनधास्त."

नाल्यावरच्या कॅमेऱ्याची चित्रं रेंज मिळेल तशी उशिरा यायची. पुढच्या दिवशी ऑफिस उघडून बराच वेळ झाल्यावर सकाळची चित्रं आली. पहिल्यात बायनाबाई, डोक्याला फडकं, हात वर. आम्ही सवयीनं हसलो. दिव्यानीनं पुढचं उघडलं. तीच वाट, तीच झुडपं, आणि बायनाबाई गेली त्याच दिशेनं निघालेली वाघीण. भर उजेडात खांदा स्वच्छ दिसत होता. पट्टा मधे तुटलेला होता.

दिव्यानीनं आईला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. गाडी जंगलाकडे निघाली तरी ती फोन लावतच होती. गाडी दुपारी परतली, तेव्हा ड्रायव्हर खाली उतरेना. त्याच्या शेजारच्या सीटवर बायनाबाईचं रक्तानं माखलेलं फडकं होतं.

संध्याकाळी वरून फोन आला, दोन्ही चित्रांचे स्क्रीनशॉट ताबडतोब हवेत. मी म्हणालो, मी काढतो. दिव्यानीनं ऐकलं नाही, माझ्या हातून माउस घेतला. तिनं बटण दाबलं आणि चित्र पेंटमध्ये चिकटवलं. मेल जाईना.

"जरा लहान कर ना," साहेब सवयीनं बोलून गेले आणि मग त्यांनाच कळलं.

"नाई, साहेब," ती म्हणाली. "जाऊ द्या हळू."

आम्ही तिघं पडद्यासमोर बसून राहिलो. बायनाबाई हात हलवत होती.