बूच लावलेली बाटली

मार्तंडराव कचेरीत नकाशे काढायचे आणि रविवारी जुन्या बाटल्या उकरायचे. कुठे पडका बंगला, कुठे गोऱ्यांच्या छावणीची जागा कानावर आली की निघालीच त्यांची खुरपी. घाटकोपरच्या बिऱ्हाडात खिडकीच्या फळीवर हिरव्या, तपकिरी, जाड बुडाच्या बाटल्या उभ्या होत्या. सगळ्या दारूच्या. "दारूबंदीच्या राज्यात ही आरास!" म्हणून शेजारी हसत. त्यांची बायको नीला हसत नसे. त्या फळीवरची धूळसुद्धा ती पुसत नसे. का, ते लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिने सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी खोदून विचारलं नव्हतं.

त्या रविवारी ती बरोबर गेली ती नाइलाजाने. मार्तंडरावांचा हिवताप नुकताच उतरला होता. मुलुंडच्या डोंगराखाली एकटा माणूस चक्कर येऊन पडला तर कळणार कुणाला?

तिथे कुण्या साहेबाच्या बंगल्याचं जोतं तेवढं उरलं होतं, आणि मागे स्वयंपाकघराचा उकिरडा. जरा खणून मार्तंडराव धापा टाकू लागले, तशी तिने खुरपी काढून घेतली.

"बसा सावलीत. मी खणते."

राख, हाडं, फुटक्या बशा. मग खुरपी काचेवर वाजली. बुटकी, काळपट हिरवी बाटली. तोंडाला लाख, लाखेखाली बूच शाबूत. हलवली तर आत डुचमळलं.

मार्तंडराव धावतच आले. "भरलेली! अगं, शंभर वर्षांची असेल. अशी कुणाला मिळत नाही."

"आणि वाटेत हवालदाराने धरलं तर?"

त्यांची बाटलीवरून नजर काही हटेना. शेवटी म्हणाले, "सापडलीय तुला. तू म्हणशील तसं."

असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. लहानपणी परळच्या चाळीतून बाप तिलाच गुत्त्यावर धाडायचा. परकराच्या ओच्यात बाटली लपवून ती जिना चढायची, आणि पुढे आईचं काय होणार हे ठाऊक असूनही ती त्याच्या हातात द्यायची. एकदा मोरीपाशी थबकली होती. ओतून टाकायचा धीर झाला नव्हता.

तिने खुरपीने लाख खरवडली. बूच भुसभुशीत झालं होतं, बोटाने आत गेलं. रोखून धरलेला श्वास तिने सोडला आणि मग बाटली हुंगली. वास तो गुत्त्याचा नव्हताच. ओल्या, कुजक्या लाकडासारखा काहीतरी होता. तिने बाटली उपडी केली. तांबूस धार राखेत जिरली. मार्तंडराव डोळे मिटून उभे होते.

ओढ्यावर बाटली धुऊन ते रस्त्याला लागले, तर नाक्यावर हवालदाराने खरंच हटकलं. बाटली नाकाशी नेली. "वास येतोय, बाई."

"येणारच. दारू होती. मी ओतली."

"कुठे?"

"चला, दाखवते. पण चढण आहे हां."

हवालदाराने डोंगराकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं आणि बाटली परत दिली. "जा."

थोडं पुढे गेल्यावर मार्तंडराव हसायला लागले. "मला वाटलं, गेलो आता आत!"

"माझा बाप प्यायचा," नीला म्हणाली. "मीच आणून द्यायची."

त्यांचं हसू थांबलं. बाप लग्नाआधीच गेलेला. त्याच्याबद्दल "गिरणीत होते" यापलीकडे ती कधी बोललीच नव्हती. जवळच रस्त्याकडेला एक मोरीचा कट्टा होता. तिथे दोघं बसले आणि ती सांगत गेली. मधेच बस आली, थांबली, निघून गेली. मार्तंडराव जागचे हलले नाहीत.