बाजूला होण्याची विद्या

“भाऊ, मांगं काऊन सरकून राह्यले? मांगं भिंत आहे. बाजूले व्हा ना!”

पडद्यावरून नजर न काढता धुरपताबाई उद्गारल्या, आणि त्यांच्या पहिलवानाने माझ्या पहिलवानास सातव्यांदा आडवे केले.

गडचांदूरला बसस्थानकामागे त्यांचे व्हिडिओ गेमचे दुकान आहे. मुलगा पुण्यास नोकरीला गेल्यापासून ही पंचावन्न वर्षांची विधवा ते सांभाळते आणि रिकाम्या दुपारी स्वतः खेळते. मी चुनखडीच्या खाणीत पोकलेन चालवणारा. चैत्रात लकव्याचा सौम्य झटका आला व डावा हात जड झाला. पोकलेनचे बकेट आडवे फिरते ते डाव्या दांडीनेच. दोन महिन्यांनी खाणीत माझी चाचणी ठरली होती. त्यात अनुत्तीर्ण झाल्यास आयुष्यभर फाटकावरील चौकीदारी अटळ होती. “बोटांना काम द्या,” एवढेच डॉक्टर म्हणाले होते.

खेळातील पहिलवानदेखील डाव्या अंगठ्यानेच हलतो. वरचे बटण हलकेच दाबून सोडले, की तो बाजूला सरकतो आणि समोरच्याचा ठोसा वाया जातो. दाबून धरले, तर उडी मारून हवेतच मार खातो. माझ्या अंगठ्यास दाबणे जमे, सोडणे जमत नसे.

“तव्यावरची भाकर पालटता ना, तसं. बोट लावा अन् उचला!”

“बाई, मी कधी भाकर पालटलीच नाई.”

“म्हणूनच त हरून राह्यले!”

सात आठवडे मी नित्यनेमाने हरलो. मग एका दुपारी अंगठा वेळेवर सुटला, आणि बाईंचा ठोसा माझ्या शेजारून निघून गेला. त्या मोठ्याने हसल्या.

चाचणीच्या दिवशी दांडी मी तशीच लोटली आणि तशीच सोडली. भरलेले बकेट आडवे फिरून डंपरच्या बरोबर वर थांबले. साहेबांनी कागदावर सही केली.

पेढे घेऊन मी थेट दुकानात गेलो व पाया पडण्यास वाकलो.

“ते राहू द्या. पयले खेळा.”

तिसऱ्या डावात मी बाजूला झालो. त्यांच्या पहिलवानाची पाठ उघडी पडली. ज्या माउलीने मला माझा हात परत मिळवून दिला, तिच्यावर तो उगारणे मला प्रशस्त वाटेना. मी थांबलो.

“मारा ना भाऊ! मले भीक देता का?”

मी मारले. त्या हरल्या.

पदर सारखा करून त्या उठल्या, आणि आखाड्यात हरलेला गडी जिंकलेल्याला भेटतो, तसा त्यांनी हात पुढे केला.