खांद्यावरचा हात

आमच्या सूनबाईंनी पुण्याहून व्हॉट्सअॅपवर फर्मान काढलं: सगळ्यांनी पिस्ता नाहीतर बिस्किटी रंगातच यायचं. सोबत नमुना म्हणून कुठल्याशा परक्या कुटुंबाचा फोटो. गवतात बसलेली सगळी माणसं, धुऊन धुऊन रंग गेल्यासारखी. मी लगेच फोन लावला. म्हटलं, "अगं अबोली, ही माणसं आजारी आहेत का गं?" ती हसली नाही. मी काय बोलून गेले ते मग माझ्या लक्षात आलं.

कारण फोटो काढायचे ते आजारापायीच. नाव आपलं सानवीच्या वाढदिवसाचं. नातीला सातवं सरतंय, तर आजी-आबांबरोबर इथे बडोद्यात कमाटीबागेत फोटो काढू, चांगला फोटोग्राफर बोलावू. खरी गोष्ट अशी की दिवाळीनंतर ह्यांच्या पोटातल्या दुखण्याला डॉक्टरांनी नाव दिलं आणि मला आणि मुलाला, इंद्रनीलला, बाहेर बोलावून सांगितलं, आता फार काही करता येण्यासारखं नाही. ह्यांना आम्ही 'आतड्याला सूज आहे' एवढंच सांगितलं. मकरपुऱ्याच्या कारखान्यात उभा जन्म तपासणी खात्यात काढलेला हा माणूस. दुसऱ्याच्या कामातला केसाएवढा फरक पकडायचा. आणि त्याला आम्ही सूज सांगितली! "बरं," म्हणाले आणि पेपर वाचायला घेतला.

त्या दिवशी मी अबोलीला फोन करून रड रड रडले आणि तिच्याकडे एकच गोष्ट मागितली. ह्यांचा एक चांगला फोटो हवा. धड कपड्यातला, हसरा, एकट्याचा. आणि तो कशासाठी हवाय ते ह्यांना अजिबात कळता कामा नये.

एका फोटोचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. त्याने आमच्या निजामपुऱ्याच्या फ्लॅटमधली हॉलची भिंत बघावी. पहिले आजेसासरे, गायकवाड सरकारच्या खानगी, म्हणजे राजवाड्याच्या खात्यात होते, पगडी घालून ऐटीत बसलेत. शेजारी सासरे, तेही कोटाबिटात. आणि मग सासूबाई. त्या गेल्या तेव्हा त्यांचा एकटीचा फोटोच घरात सापडेना. कपाटं उपसली, ट्रंका उपसल्या. शेवटी माझ्या नणंदेच्या, मृदुलावन्संच्या साखरपुड्याचा ग्रुप फोटो मिळाला. त्यातून सासूबाईंना कापून मोठं केलं. पण वन्सं मागे उभ्या होत्या आईच्या खांद्यावर हात ठेवून. वन्सं कापल्या गेल्या, हात राहिला. बांगड्या आणि नवीकोरी अंगठीसकट.

तेव्हापासून दर तिथीला सासूबाईंना हार घातला की तो बरोबर त्या हातावर येतो. वन्सं नागपूरहून आल्या की पहिलं भिंतीकडे बघतात आणि सुरू होतात, "विश्वास, मी जिवंत आहे रे अजून! माझ्या हाताला कसले हार घालताय?" आम्ही सगळे हसतो. हे मात्र नाही हसत. हे त्या फोटोकडे बघतच नाहीत. फिकट पांढरं पातळ, मोकळं कपाळ, ओढलेला चेहरा. एकदाच म्हणाले होते, "ही माझी आई नव्हेच. माझी आई लाल लुगड्यातली, एवढं ठसठशीत कुंकू लावणारी. बाबा गेले आणि ती बाई गेलीच. तिचा कुणी फोटोच काढला नाही." मी आपली हूं म्हणून पोळ्या लाटत राहिले.

तर असला कापाकापीचा फोटो मला ह्यांचा नको होता. म्हणून एवढा खटाटोप.

रविवारी सकाळचं ठरलं होतं. मंडळी शुक्रवारीच पुण्याहून आली. शनिवारी दुपारी मी ह्यांचं कपाट उघडलं. एक शर्ट अंगाला लागेल तर शपथ! पिस्ता रंगाचा नवा झब्बा अबोलीने आणला होता, तो घालून बघितला तर खुंटीला अडकवल्यासारखा दिसायला लागला. गळ्याची हाडं वर आली होती. मी म्हटलं, खड्ड्यात गेला तो पिस्ता. इंद्रनीलच्या लग्नात शिवलेला बंद गळ्याचा निळा कोट काढला. त्यात गळा तरी झाकला जाईल. फक्त कॉलर सैल होती. हे जरा पडले होते तेवढ्यात मी खिडकीत बसून गळ्याचा हुक आत घ्यायला लागले.

"किती आत घेतलास?" मागून आवाज आला. मेले डोळे मिटून जागेच होते.

"घेतला थोडा."

"मोजून घेतलास की असाच?"

"असाच. तुमच्या कारखान्याचा माल नाहीये हा."

"तरीच वाकडा बसलाय," म्हणाले. "आणि तू काय नेसणार आहेस?"

"पिस्ता कॉटन. सुनेची आज्ञा."

"काही नको पिस्ता-बिस्ता. डाळिंबी चंदेरी नेस."

ही चंदेरी म्हणजे ह्यांची नोकरी पक्की झाली तेव्हा न्यायमंदिराजवळच्या दुकानातून मला न विचारता उचलून आणलेली. गर्द डाळिंबी, अंगभर सोनेरी बुट्टे. तेव्हाही मी भांडले होते, की माझ्यासारख्या मास्तरणीने असल्या साड्या नेसून जायचं कुठे?

"अहो, सगळे फिक्या रंगात आणि मी मध्ये लालभडक? फोटोत काय, नवरी आल्यासारखी दिसू?"

"दिस. आणि तन्मणी घाल. नथ पण."

"नथ? बागेत?"

"हो. आणि ती टिकली नको, सरोज. कुंकू लाव. मोठं."

मला असा संताप आला म्हणता! मी इथे जीव टांगून ह्यांच्या एका फोटोसाठी धडपडतेय, आणि ह्यांचं काय, तर नथ! मी कोट पलंगावर टाकला आणि तरातरा स्वयंपाकघरात गेले. अबोली चहा गाळत होती. तिला म्हटलं, "तुझ्या सासऱ्यांना वेड लागलंय." सगळं ऐकून ती म्हणाली, "आई, बाबा म्हणतायत ना, नेसा. रंगाचं जाऊ दे." आणि तिचे डोळे भरून आले. आजारी माणसाचा हट्ट म्हणून तिने तो पुरवायचा ठरवला. मग मीही तसंच ठरवलं. तरी नथ काढताना भांडी जरा जास्त आपटलीच, म्हणजे डबे हो, कपाटातले.

रविवारी बागेत बॅन्डस्टँडजवळ फोटोग्राफर हजर होता. केयूर नावाचा, गुजराती, तोंडाने अखंड बडबड. त्याने ह्यांच्याकडे एकदा बघितलं आणि खिशातून कपडे वाळत घालायचे चिमटे काढले. कोटाची सगळी ढिलाई पाठीमागे ओढून चिमटे लावून टाकले. पुढून बघाल तर राजबिंडे, मागून वाळत घातलेलं धुणं. सानवी पोट धरून हसली. "आबा, तुम्हाला उन्हात ठेवलंय!"

"केयूरभाई, मागून फोटो काढायचा नाही हं," हे म्हणाले. ह्यांना त्याचं नाव कसं ठाऊक, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. मी नथ सावरण्यात गुंतले होते. येणारेजाणारे माझ्याकडे बघत होते, आणि एका बाईने तर अबोलीला विचारलं, "मासीनी पचासमी एनिवर्सरी छे?"

सगळ्यांचे एकत्र फोटो झाले. इंद्रनील बापाच्या मागे उभा राहून त्याला न जाणवेल असा आधार देत होता. मध्येच तो झाडामागे जाऊन आला, नाक लाल करून. आता वेळ आली होती. ह्यांना बाकावर बसवलं आणि मी केयूरला बाजूला घेतलं. हळूच म्हटलं, "काकांचा एकट्याचा घे. पण सहज घेतोयस असं दाखव. त्यांना कळू देऊ नकोस."

त्याने डोकं खाजवलं. "पण काकी, काकाए तो तमारा एकलानो कह्यो छे. फोन करीने."

म्हणजे ह्यांनी आधीच मला चोरून त्याला फोन केला होता. सांगितलं होतं, काकींचा एकटीचा चांगला फोटो घे, तेवढ्यासाठीच खरं बोलावतोय.

मी तशीच बाकावर जाऊन बसले. "हे काय नवीन? माझा एकटीचा फोटो कशाला?"

"तुला माझा कशाला हवाय?"

मी नथ उगीच सारखी केली.

"त्याच कामाला," हे म्हणाले. अगदी साधं, भाजी काय आणू विचारल्यासारखं. "सरोज, सूज आहे म्हणे मला. अगं, मी रिपोर्ट वाचतो. तुम्ही लपवून ठेवता तो गाद्यांच्या कपाटात, आणि गोळ्या माझ्याकडूनच शोधून घेता त्याच कपाटातून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढी धडपडत होतीस. म्हटलं, करू दे." त्यांना धाप लागली म्हणून थांबले. "माझी भिंतीवरची सोय तू केलीस. तुझी मी करतोय. मी गेल्यावर तू अशी नेसणार नाहीस, मला माहितेय. कुणी नको म्हणणार नाही. अबोली तर आग्रह करेल. पण तू नाही नेसणार. मग कधीतरी पोरं फोटो शोधत बसतील, आणि आईचं झालं तसं होईल. सानवीला वाटेल, आजी फिकीच होती."

मी रडले. भर बागेत, नथ घालून रडले. राग तर इतका आला होता, ह्यांचा, माझा, त्या गाद्यांच्या कपाटाचा. "लाज नाही वाटत बायकोला असं चारचौघात रडवायला?" म्हटलं.

"रड ना. फक्त कुंकू फिसकटू देऊ नकोस."

मग माझा फोटो. केयूर म्हणे हसा, आणि माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. डोळे सुजलेले. तेवढ्यात पदर खांद्यावरून घसरला, तर हे बाकावरून वाकले, पदर वर ओढून नीट बसवला आणि हळूच म्हणाले, "वाकडा होता. मोजून नाही घेतलास." मला हसू फुटलं. मला हसताना बघून हेही हसले, आणि केयूरने तेवढ्यात कॅमेरा वळवून त्यांनाही टिपलं. मला हवा होता तो फोटो तोच.

होळीच्या आधी हे गेले.

आता भिंतीवर आहेत. निळा कोट, हसरा चेहरा, एकट्याचा अख्खा फोटो, कुठून कापलेला नाही. मागचे चिमटे कुणाला दिसत नाहीत. फक्त गळ्याचा हुक वाकडा आहे. खरोखरच वाकडा बसलाय. रोज सकाळी फूल वाहताना मला तो दिसतो आणि रोज मी म्हणते, बरं बाई, मोजून घ्यायला हवा होता.

आणि ह्यांचं म्हणणं खरं ठरलं, याचा मला फार राग येतो. मला कुणी काही बोललं नाही. मृदुलावन्सं नागपूरहून आल्या, त्यांनी स्वतः म्हटलं, "वहिनी, टिकली लाव हं, आईचं झालं ते पुरे." मी हो म्हटलं. पण कपाट उघडलं की हात आपला राखाडीकडे जातो. चंदेरीवरून नजर जाते, पण ती काढवत नाही. ती पिस्ता कॉटनसुद्धा आता मुकाट्याने नेसते.

गेल्या आठवड्यात अबोली आली होती, तेव्हाच केयूर माझे फोटो घेऊन घरी आला. बाकीच्या सगळ्यांत मी रडकी. एकाच फोटोत हसतेय, मान वर करून, नथीसकट, कुंकवासकट. पण त्यात खांद्यावर पदर धरलेला ह्यांचा हात आलाय. मनगटापर्यंत निळी बाही, हडकुळी बोटं. बाकी हे कुठेच नाहीत.

"काकी, ए हाथ हुं काढी नाखीश," केयूर म्हणाला. "कॉम्प्युटरमा. खबर पण नहीं पडे."

"खबरदार!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या मोहनाबेन दार उघडून बघायला आल्या.

तो तसाच फ्रेम करून घेतला. कपाटात ठेवलाय, चंदेरीच्या घडीवर. अबोलीला दाखवून ठेवला. म्हटलं, "माझी वेळ आली की हाच लावा. हार हातावर आला तर येऊ दे. मृदुलावन्संसारखा आरडाओरडा करायला ह्या हाताचा मालक नाहीये आता."

अबोली माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आई, ती साडी परत एकदा नेसा ना. सानवीसाठी तरी."

"नेसेन," म्हटलं. "पदर नीट कोण करणार, तेवढं सांग आधी."