कोरा पेला

"पाणी तुमचं, पेला माझा, आणि गोडी वर गेलेल्याची!"

गोडबुवांनी असं म्हटलं की त्यांचा दरबार भरायचा ते अख्खं गोदाम चिडीचूप व्हायचं. लोक घरून बाटलीत पाणी आणायचे. बुवा ते पांढऱ्या पेल्यात ओतायचे, गेलेल्या माणसाला हाक मारायचे आणि वरून एक हिरवं पान फिरवायचे. पान पाण्याला शिवायचंसुद्धा नाही, आणि पाणी गोड! कुणी हुंदके द्यायचं, कुणी पेल्यालाच हात जोडायचं. एवढ्यावर थांबले असते तर म्हटलं असतं, रडू द्या बापड्यांना. पण बुवांच्या जिभेला हाड कुठलं? मधुमेहाचं माणूस दिसलं की म्हणायचे, "पाणी गोड झालं ना? म्हणजे तुझी साखर त्यानं स्वतःकडे ओढून घेतली. आता सुया टोचून त्याचा अपमान करू नकोस!"

बुवांचं ऐकून आईनं इन्सुलिन सोडलं त्याला तीन दिवस झाले होते, आणि लेकीला ते आज कळलं.

लेक प्रयोगशाळेत तपासनीस होती. एका गोड पानाचा अर्क माणसाला बाधतो की नाही, हे पाहणं तिचं काम. संध्याकाळी ती घरी आली तर आई खिडकीपाशी, वारलेल्या आप्पांच्या रिकाम्या खुर्चीशी हळू आवाजात बोलत बसलेली. ओठ सुकलेले, तांब्यावर तांब्या पाणी रिचवतेय, पण चेहरा कसा उजळलेला.

"त्या खुर्चीत नको बसू गं. तिथं ते आहेत."

"आई, सुई घेतलीस?"

"त्यांनी घेतलीय माझी साखर. खोटं वाटतं? हा त्यांचा पेला, बुवांनी दिलेला. धुवायचा नाही म्हणून सांगितलंय. आपल्याच नळाचं पाणी आहे, चाख."

लेकीनं घोट घेतला. गोड! अंगावर सर्रकन काटा आला. खुर्ची करकरल्यासारखी वाटली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आप्पा?" हसू नका. तपासनीस झाली तरी ती आधी बापाची लेक होती.

पण हाताला सवय असते तशी जिभेलाही असते. प्रयोगशाळेत चव घेतली की गिळून मनात दहा मोजायचे, मागून काय येतं ते पाहायचं. तिनं नकळत मोजले. सातव्या आकड्याला जिभेच्या मुळाशी ती आली, ज्येष्ठमधासारखी बारीक कडवट चव. रोज सकाळी प्रयोगशाळेच्या टेबलावर भेटणारी.

तिला आनंदबिनंद काही झाला नाही. आप्पा दुसऱ्यांदा गेले, एवढंच तिला वाटलं.

"आई, यात अर्क आहे."

"चल! बापाला अर्क म्हणतेस?" आईनं पेला छातीशी धरला. "तुझ्यापेक्षा त्यांचंच ऐकीन मी."

आई ना सुई घेईना, ना दवाखान्यात येईना. रात्रभर लेक तिचा श्वास ऐकत बसली. सकाळी म्हणाली, "मलाही बुवांकडे ने." आई हरखली.

प्रयोगशाळेतला पहिला धडा म्हणजे कोरा नमुना. सगळं जसंच्या तसं करायचं, फक्त मुख्य वस्तू घालायची नाही. तरीही तोच निकाल आला, तर घोळ भांड्यात आहे असं समजायचं. गोदामात लेकीनं बाटली पुढे केली. "महाराज, माझ्या थोरल्या भावाला बोलवा. लहानपणीच गेला."

बुवांनी डोळे मिटले. पान थरथरलं. "आला! फार तळमळतोय गं. तुला कडेवर घेऊन फिरायचा, आठवतं?"

बायका डोळे पुसू लागल्या. लेकीनं पेला आईच्या हाती दिला. "गोड आहे?"

"गोड आहे," आई म्हणाली. मग ती बुवांकडे वळली. "पण महाराज... मला ही एकुलती एक. हिच्या आधी नाही, नंतर नाही. मग हा आला कोण?"

लेकीनं त्याच बाटलीतलं पाणी घरून आणलेल्या ग्लासात ओतून शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला दिलं. सपक! मग बुवांच्या चवडीतला कोरा पेला उचलला. ना हाक, ना पान, नुसतं पाणी. म्हातारा ओरडला, "अरे, हे तर गोड!"

"श्रद्धेची परीक्षा घेतेस?" बुवा गरजले.

"श्रद्धेची नाही, पेल्याची. हा अर्क साखरेच्या दोनशे-तीनशे पट गोड असतो. चिमूटभर कालवून पेल्यात वाळवला की पांढऱ्यावर पांढरं, दिसणार कुणाला? आणि ऐका सगळे. पानाचा दोष नाही. पण तेच पान माणसाला देण्याआधी आम्ही महिनोन् महिने उंदरांना घालतो, मोजतो, कोऱ्या नमुन्याशी ताडतो. यांनी एका घोटात तुमची औषधं सोडवली! आपल्या माणसांची आठवण काढा, रडा, पण सुई सोडू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला तर आधी कोरा पेला मागा."

तिथून ती आईला घेऊन तडक दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी दिवसभर ठेवून घेतलं, आणखी दोन दिवस गेले असते तर कठीण होतं म्हणाले.

घरी आल्यावर आई खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. "म्हणजे ते आलेच नव्हते?"

"नाही गं आई."

आईनं पेला घासून घासून धुतला. नळाचं पाणी भरलं, पहिल्यांदाच आप्पांच्या खुर्चीत बसली आणि घोट घेतला.

"सपक आहे," ती म्हणाली. डोळे पुसले. "आण ती सुई."