सकाळचा पेलाभर रस

औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर गोळ्यांची पट्टी कात्रीने मधोमध कापून तिने पाकिटात सारली आणि अकरा वर्षं रोज म्हणत आलेलं वाक्य पुन्हा एकदा म्हटलं.

"काका, ही कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे तोवर ग्रेपफ्रूटचा रस प्यायचा नाही."

"आणि प्यायला तर?" काकांना शंका काढायची हौस दिसत होती.

"गोळी अंगात साचत जाते. मांड्या भरून येतात, पाय दुखतात, बसलं की उठवत नाही. वेळेवर लक्षात आलं नाही तर मूत्रपिंडावरही बेततं."

बोलता बोलता ती थांबली. कात्री हातातच राहिली. उठवत नाही. गेले दोन महिने घरात दुसरं काय चाललं होतं? सासूबाईंना पलंगावरून उठवायला दोघं लागायची. नवरा म्हणायचा, वय झालं. ती मनात म्हणायची, अंग चोरतात. दिवसभर काउंटरमागे उभं राहून पायांचे तुकडे पडल्यावर माणूस मनात आणखी काय काय म्हणतं, ते न सांगितलेलंच बरं.

सासूबाईंना कुठली औषधं चालू आहेत, ते तिला माहीत नव्हतं. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या सुनेला! पण त्यालाही कारण होतं. वर्षापूर्वी तिने त्यांच्या गोळ्या वारांप्रमाणे लावून द्यायला घेतल्या, तेव्हा त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या, "माझ्या औषधांना तू हात लावू नकोस. माझी लेक बघेल." त्या दिवशी तिने कानाला खडा लावला. डॉक्टर, गोळ्या, तपासण्या, सगळं नणंदेकडे गेलं. तिच्याकडे उरला फक्त सकाळचा रस. सासूबाईंच्या तोंडाची चव गेली होती, तेवढं पपनसासारखं कडवट-आंबट ग्रेपफ्रूट मात्र त्यांना गोड लागायचं. कामावर निघायच्या घाईत ती दोन फळं पिळून पेला त्यांच्या हातात द्यायची आणि रिकामा होईपर्यंत जवळ उभी राहायची. दोघींमध्ये दिवसभरात धड असं तेवढंच व्हायचं.

काका गेल्यावर तिने नणंदेला फोन लावला.

"ताई, आईंना कोलेस्टेरॉलची गोळी कुठली आहे?"

नणंदेने नाव वाचून दाखवलं. तीच.

तिने लगेच डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, गोळी आणि रस आजच बंद, संध्याकाळी रक्त तपासायला आणा. मग अर्ध्या दिवसाच्या सुट्टीसाठी मालकाची बोलणी खाऊन ती घरी आली.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. ती चपला न काढताच आत गेली आणि उशाशी ठेवलेला गोळ्यांचा डबा उचलून घेतला.

"आई, चूक झाली माझ्या हातून. त्या रसाने ही गोळी बाधते. तुमचे पाय त्यानेच गेलेत. मीच रोज पिळून..."

तिला रडू फुटलं, पण धड रडण्याइतकंही त्राण अंगात नव्हतं.

सासूबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"तुला माहीत नव्हतं?"

"नाही हो. तुमचा डबा मी उघडलाच नाही कधी. रागच धरून बसले होते."

"मला वाटलं, माहीत असणार. दुकानात हेच तर सांगत असतेस सगळ्यांना." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "गोळ्यांच्या खोक्यात कागद असतो ना, त्यावर लिहिलंय. महिना झाला मला वाचून."

ती पलंगाच्या कडेला बसली.

"वाचलंत? आणि तरी रोज प्यायलात?"

सासूबाई तळहाताने चादरीवरची सुरकुती सारखी करत राहिल्या.

"म्हटलं, दमली असशील माझं करून करून."