झांबेताने विणलेल्या वेली

नवरा गेल्यानंतरच्या पहिल्याच जानेवारीत झांबेताने छाटणीची कात्री हातात घेतली, आणि गावात हशा पिकला. आमच्या सांतोरिनी बेटावर वारा असा, की वेल उभी ठेवली तर मोडलीच म्हणून समजा. त्यामुळे फांद्या वळवून, एकमेकींत विणून, वेलीची जमिनीलगत टोपली करायची. घड आत निवांत वाढतात. हे काम पुरुषांचं, असं पुरुषांनीच ठरवलेलं.

तिचा दीर नोमिकोस बांधावर बसून बघत होता.

“वहिनी, ही टोपली की कावळ्याचं घरटं?”

“भावजी, माझ्या वडिलांनी टोपल्या विणून पाच पोरी वाढवल्या. तुम्ही नुसत्या गप्पा विणा!”

तो तणतणत निघून गेला. महिनाभर अबोला.

मार्चमध्ये तीन दिवस वारा पिसाटला. अंगणातल्या खुर्च्या उडाल्या, देवळाची घंटा आपोआप वाजत राहिली. वारा पडल्यावर झांबेता मळ्यात धावली. दोनच टोपल्या उसवल्या होत्या. नोमिकोसच्या मात्र तीसेक वेलींची पार दैना झाली होती. त्याची बोटं आखडायला लागली होती, विणकाम घट्ट बसत नव्हतं, आणि हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी तो चीजचा गोळा घेऊन तिच्या दारात उभा.

“वहिनी, माझ्या वेली जरा बघाल का?”

“कावळ्याला बोलवा की!”

त्याने नुसते हात पुढे केले. झांबेताने ती सुजलेली पेरं पाहिली आणि तिचा आवाज उतरला.

“उद्या सकाळी येते. पण ऑगस्टमध्ये माझी द्राक्षं तुम्ही तुडवायची. माझे गुडघे कामातून गेलेत.”

“या वयात?”

“पाय धडधाकट आहेत ना?”

ऑगस्टमध्ये वाइनच्या गुहेतल्या हौदात असिर्तिको जातीची पिवळी द्राक्षं पडली. नोमिकोस विजार गुडघ्यापर्यंत दुमडून आत उतरला. झांबेता काठावर बसून हुकूम सोडत होती.

“कोपरा राहिला! अहो, नाचताय की तुडवताय?”

वळून उत्तर द्यायला गेला आणि घसरून रसात फतकल मारून बसला. झांबेता डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. नवरा गेल्यापासून तिला असं हसताना आम्ही पाहिलं नव्हतं. मग नोमिकोसही बसल्या जागी हसू लागला.

वाइन जरा आंबटच उतरली. चूक दुसऱ्याची, असं दोघंही गावभर सांगत राहिले. तरी ईस्टरपर्यंत पिंप रिकामं झालं.