खोटी ठरलेली काचनळी

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतली एक जुनी काचेची नळी. दोन्ही टोकांना रुंद, मध्ये कंबर बारीक. एका कारागिराने ज्योतीवर फिरवत फिरवत मला घडवलं. माझ्या अंगावर तीन उभ्या बारीक नळ्या आहेत. आतला दाब किती, ते त्यांतल्या पाण्याच्या उंचीवरून कळतं.

पाणी माझ्यातून वाहू लागलं की मला डुलकी लागल्यासारखं होतं. रुंद भागात ते रमतगमत येतं, कमरेपाशी धावत सुटतं. वेग वाढला की तिथला दाब उतरतो, म्हणून मधल्या नळीत पाणी खाली. पुढे संथ झालं की तिसऱ्या नळीत ते पुन्हा चढतं, जवळजवळ पहिल्याइतकं. वेग नि दाब आपसांत देवाणघेवाण करतात, एकूण ऊर्जा तेवढीच. मुलं "आईशप्पथ!" म्हणायची आणि मी उगाच चमकायचे.

मग नवे सर आले. शेवटच्या बाकावरूनही दिसावं म्हणून त्यांनी माझ्यात दाट लाल तेल सोडलं. तिसऱ्या नळीत ते वर चढेचना. सरांनी फळ्यावरचं वेग-दाबाचं सूत्र पाहिलं, मग मला.

"ही नळीच खोटी आहे. मावशी, भंगारात टाका."

मावशी म्हणजे आमची प्रयोगशाळा सांभाळणारी. वीस वर्षं तीच मला आंघोळ घालते.

"टाकते की. पण सर, बाटलीतून मध कसा उतरतो, पाहिलंय ना? हे तेल तसंच. काचेला घासत, स्वतःशीच भांडत जातं. त्यातच दमतं बिचारं."

"सूत्रात घासणं कुठे आहे?"

"तेच म्हणते मी. सूत्राने ते धरलंच नाहीये."

वर्गात खसखस पिकली. मावशीने मला कोमट साबणपाण्याने धुतलं, वरच्या टाकीतून साधं पाणी सोडलं. सर लगेच वाकले.

"थांबा हो!" मावशी म्हणाली. "टाकीतली पातळी हलायची थांबू दे, बुडबुडे जाऊ देत."

मला वाटलं, ही आपली शेवटचीच डुलकी. पाणी हळूहळू शांत झालं आणि तिसऱ्या नळीत चढत गेलं.

"किंचित कमी आहे," सर पुटपुटले.

"एवढी घासाघीस पाण्यातही व्हायचीच."

सरांनी खडू उचलला. सूत्राखाली लिहिलं : प्रवाह स्थिर हवा, द्रव पातळ हवा, घर्षण नगण्य हवं. मग मला स्वतःच्या हातांनी फळीवर ठेवलं.

मित्रांनो, मला धुताना कमरेत तारेचा ब्रश खुपसू नका. आणि एखादी जुनी वस्तू चुकतेय असं वाटलं, तर फेकण्याआधी एकदा बघा, आपण तिच्यात ओतलंय तरी काय.